सफेतली रिकामी जागा

रमजानच्या पहिल्या रात्री मशिदीत पाय ठेवायला जागा नसते. आतले दालन भरते, मग अंगण भरते, चपलांच्या ढिगापर्यंत चटया येतात आणि उशिरा पोहोचलेली पोरे गच्चीवर जातात. ही तरावीहची नमाज. इशाच्या, म्हणजे रात्रीच्या नमाजनंतर हाफिजसाहेब पाठ असलेले कुराण क्रमाने म्हणत जातात आणि लोक त्यांच्यामागे तास-दीड तास उभे राहतात. दहाव्या-बाराव्या रात्रीपर्यंत गच्ची रिकामी होते, मग अंगण. बाजारपेठेतल्या कित्येकांनी दहा दिवसांत कुराण पूर्ण होणारी तरावीह उरकलेली असते. त्यांना आता ईदच्या गिऱ्हाइकीचे वेध लागलेले असतात. कुणाची रात्रपाळी, कुणाच्या मुलाची बारावीची परीक्षा. हे दरवर्षीचे आहे, आणि दरवर्षी इमामसाहेब त्यावर शुक्रवारी दोन शब्द सुनावतातही.

नमाज उभी राहण्याआधी इमामसाहेब मागे वळून एक सूचना रोज देतात: सफा सरळ करा, मध्ये जागा सोडू नका. सफ म्हणजे रांग. खांद्याला खांदा लावून उभे राहायचे आणि पुढच्या रांगेत जागा दिसली तर मागच्याने सरकून ती भरायची. शेठ असो की हमाल, ज्याची जागा जिथे येईल तिथे. या समानतेबद्दल रमजानच्या पुरवण्यांतून पुष्कळ लिहून झाले आहे. त्याच नियमाची दुसरी बाजू मात्र सहसा कुणी बोलून दाखवत नाही. काल जो उभा होता आणि आज आलेला नाही, त्याची जागा नमाज सुरू होण्याआधीच भरून जाते. रांगेकडे पाहून कोण आले नाही ते कळत नाही. ते कळायला काल कोण होते, हे कुणाच्या तरी ध्यानात असावे लागते.

पूर्वी ते असायचे. मशिदीत अजान देणारे मुअज्जिन, ज्यांना जुनी माणसे अजूनही ‘बांगीसाब’ म्हणतात, त्यांच्याकडे मोहल्ल्याची एक न लिहिलेली हजेरी असे. ‘अमके तीन दिवसांत दिसले नाहीत,’ एवढेच ते वजू करता करता कुणाला तरी म्हणत, आणि पहाटेच्या नमाजनंतर दोघेतिघे त्या घरावरून जात. ताप असेल तर दवाखान्याची व्यवस्था होई. ताप नसेल, माणूस नुसताच भिंतीकडे तोंड करून पडलेला असेल, तर त्याच्याजवळ बसणे होई. चहा येई, जुन्या गोष्टी निघत. या बसण्याला मानसिक आरोग्याची सेवा असे नाव कुणी दिले नव्हते.

आता शास्त्रही त्याच बसण्याकडे वळून पाहू लागले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या एका आयोगाने जून २०२५ मध्ये सामाजिक नातेसंबंधांवर अहवाल प्रसिद्ध केला. जगातल्या दर सहा माणसांतला एक जण एकटेपणाने ग्रासलेला आहे आणि वर्षाला ८ लाख ७१ हजारांहून अधिक मृत्यू या एकटेपणाशी निगडित आहेत, असा त्यात अंदाज आहे. एकटेपणा म्हणजे खोलीत एकटे असणे एवढेच नाही. माणसाला हवा असलेला सहवास आणि प्रत्यक्ष मिळणारा सहवास यांतले अंतर म्हणजे एकटेपणा. तो भरल्या घरातही असतो.

हे अंतर रमजान महिनाभर कमी करतो आणि त्यासाठी कुणाला उपदेश करत नाही. त्याचे सगळे बळ वेळापत्रकात आहे. पहाटे साडेचारला ओळीने स्वयंपाकघरांतले दिवे लागतात. सूर्य मावळताना गावातले सगळे रोजेदार एकाच मिनिटाची वाट पाहत असतात. पावरलूमवर, बेकरीत, बांधकामावर राबणारी उत्तर प्रदेश-बिहारची मुले आईबापांपासून हजार-दीड हजार किलोमीटरवर असतात. एरवी वर्षभर त्यांना खोलीतल्या चार जणांपलीकडे कुणी नावाने हाक मारत नाही. मशिदीच्या दस्तरखानवर मात्र ती मोहल्ल्यातल्या माणसांच्या मांडीला मांडी लावून बसतात. खजूर, केळ्याच्या चकत्या, कलिंगडाची फोड, कांदाभजी, कागदी पेल्यात गुलाबी सरबत. ‘घर कहाँ है तुम्हारा?’ एवढा प्रश्न कुणी विचारला तरी त्या मुलाचा चेहरा बदलतो. दुकानाशेजारचा हिंदू दुकानदार संध्याकाळी सहानंतर स्वतःहून म्हणतो, ‘चाचा, तुम्ही जा, गल्ल्यावर मी बघतो.’ अशा वाक्यांची बातमी होत नाही. बातमी होते ती पुढाऱ्यांच्या इफ्तार पार्ट्यांची, जिथे टोपी घालून फोटो निघेपर्यंत सरबत गरम झालेले असते.

बायकांचा हिशेब वेगळा. बहुतेक मशिदींतून त्या सफेत नसतातच. त्यांचा रमजान पहाटे साडेतीनला गॅसपाशी सुरू होतो आणि रात्री भांडी विसळून संपतो. मध्ये रोजाही असतो, घरातल्या लहानांचा डबाही असतो आणि म्हाताऱ्यांचे पथ्यही. पण त्यांनी स्वतःची एक हजेरी उभी केली होती, ती ताटांची. रोजा सोडण्याच्या अर्धा तास आधी गल्लीतून पोरे पळत. हातात ताट, त्यावर क्रोशाचा रुमाल. ‘अम्मीने भेजा है.’ ताट मुसलमान शेजारणीकडे जाई तसे समोरच्या वहिनींकडेही जाई, आणि आलेले भांडे रिकामे परत करायचे नाही, ही रीत दोन्हीकडे सारखीच. त्या ताटासोबत पोर घरात डोकावून येई आणि परत येऊन सांगे: खाला झोपल्या होत्या, दिवा लावला नव्हता, भाभींचे डोळे सुजले होते. संध्याकाळी तांदूळ निवडता निवडता या बातमीवर विचार होई. बाळंतपणानंतर एखादी सून आठ दिवस हसली नाही, बाळाला जवळ घेईना, हे आधी त्या शेजारणींना कळे आणि मग सासूला. फ्लॅटमध्ये गेल्यावर ताट लिफ्टने जायला हवे होते. ते गेले नाही. त्याऐवजी मोबाइलवर चकाकत्या चंद्राचे चित्र जाते, एकदम दोनशे जणांना.

दिवा लावला नव्हता, हे चित्रातून कळत नाही.

ही हजेरीची गोष्ट एकट्या मुसलमानांची नाही. महाराष्ट्राला ती समजावून सांगायला लागू नये, कारण ती सर्वांत नेमकी वारीत दिसते. वारकरी सुटा चालत नाही, तो दिंडीचा असतो. दिंडीला क्रमांक असतो, विणेकरी असतो. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्यात मुक्कामाला समाजआरती होते. हजारो टाळ वाजत असतात. चोपदार हातातला दंड उंच करतात आणि क्षणात सारे शांत होते. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती मात्र टाळ वाजवतच राहते. चोपदार त्या आवाजाच्या दिशेने जातात, म्हणणे ऐकून घेतात. हरवल्या-सापडल्याची माहितीही तिथेच पुकारली जाते. लाखोंच्या समुदायाने कोण अस्वस्थ आहे ते ओळखण्यासाठी केवढी साधी सोय करून ठेवली आहे! सगळे गप्प झाल्यावर जो गप्प होत नाही, त्याच्याकडे जायचे. मोहल्ल्यात अडचण उलटी आहे. इथे सगळे बोलत असताना जो गप्प असतो, त्याच्याकडे जायचे असते, आणि गप्प माणसाचा आवाज येत नाही.

म्हणून मोहल्ला काय विचारतो याला महत्त्व येते. रमजानमध्ये सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न एकच: ‘रोजा है ना?’ विचारणाऱ्याच्या मनात बहुधा काही नसते. ‘जेवलात का?’ याचा तो रमजानी अवतार आहे. पण ज्याला रोजा नाही त्याच्या छातीत तो प्रश्न लागतो. मधुमेही, हृदयरोगी, गरोदर बाई यांना उत्तर देता येते. लोक मान डोलावतात, ‘अल्ला शिफा दे’ म्हणतात. नैराश्याच्या गोळ्या घेणारा तरुण काय उत्तर देणार? दुभंगलेल्या मनावरच्या औषधाने ज्याला सकाळी अकरापर्यंत गुंगी असते, तो काय सांगणार? तो ‘है’ म्हणतो. मग गोळ्यांची पट्टी कपाटात कपड्यांच्या घडीखाली जाते, आणि एकदा तिथे गेली की दुपारची गोळी राहते, मग रात्रीचीही राहते.

यात धोका आहे आणि तो स्पष्ट सांगायला हवा. मूड टोकाला जाण्याच्या, म्हणजे बायपोलर आजारावर लिथियम देतात. शरीरातले पाणी कमी झाले की लिथियमचे रक्तातले प्रमाण विषारी पातळीपर्यंत चढू शकते. त्याच आजारात झोप मोडणे हेही मोठे निमित्त ठरते, आणि रमजानमध्ये झोप मोडतेच. उलट, काही औषधांच्या वेळा सहरी आणि इफ्तारला बसवता येतात आणि रुग्ण नीट रोजे करू शकतो. कोण करू शकतो आणि कोण नाही, हे डॉक्टरने रमजानच्या दोन-तीन आठवडे आधी ठरवायचे असते. मशिदीच्या पायरीवर बसलेल्यांनी ठरवायचे नसते.

धर्माची इथे अडकाठी नाही. आजारी माणसाला आणि प्रवाशाला रोज्यातून सूट कुराणानेच दिली आहे. बरा झाल्यावर सुटलेले रोजे भरून काढावेत, बरे होण्याची आशा नसेल तर एका रोज्याबद्दल एका गरिबाला जेवण द्यावे. त्याला फिदिया म्हणतात. ही सूट शरीराच्या आजाराला आहे आणि मनाच्या आजाराला नाही, असे कुठे म्हटलेले नाही. मेंदू शरीरातच असतो. तरी मनाच्या आजाराबद्दल मोहल्ल्यात निदान तयार असते: ईमान कमजोर आहे, नमाज सोडली म्हणून झाले, नजर लागली, असर आहे. शेजारच्या आळीत हेच ‘बाहेरचं काहीतरी’ असते. भाषा दोन, समजूत एक.

आजाऱ्याला भेटायला जाणे, अयादत, हा मुसलमानाचा मुसलमानावर असलेला हक्क मानला जातो. टायफॉइड झाला तर मोसंबी, शहाळे घेऊन अर्धा मोहल्ला येतो, रुग्णाला झोपूही देत नाही. मनोरुग्णाच्या घरी मोसंबी येत नाहीत. लोक दारावरून जाताना आवाज हळू करतात. मुलीचे लग्न ठरायचे असेल तर घरचेही हेच पसंत करतात. कुणी येऊ नये, कुणाला कळू नये. तेव्हा समाजाचा आधार म्हणताना त्याच समाजाचा धाकही मोजला पाहिजे. ‘लोग क्या कहेंगे’ हे वाक्य म्हणणारे लोकच संध्याकाळी दस्तरखानवर खजूर पुढे करतात. ती वेगवेगळी माणसे नाहीत.

या धाकाची एक टोकाची किंमत देशाने मोजली आहे. तामिळनाडूच्या रामनाथपुरम जिल्ह्यात एरवाडीचा दर्गा आहे. तिथे देशभरातून लोक आपल्या मनोरुग्ण नातेवाइकांना आणत आणि आसपासच्या खासगी आश्रयगृहांत सोडून जात. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे त्यातल्या एका ठिकाणी आग लागली. रुग्ण साखळदंडाने बांधलेले होते. २८ माणसे जळून मेली. त्यांना पळता आले नाही. त्यांना तिथे आणणारी माणसे क्रूर होती असे म्हणणे सोपे आहे. बरीचशी थकलेली होती, गावात तोंड दाखवता येत नाही म्हणून आलेली होती. मानसिक आरोग्य कायदा २०१७ मध्ये झाला, त्याने कुठल्याही प्रकारे साखळीने बांधण्याला बंदी केली. घराच्या मागच्या खोलीला बाहेरून लावलेल्या कडीपर्यंत कायदा पोहोचायला वेळ लागतो.

मात्र दर्ग्यावर जाणाऱ्या सगळ्यांना अडाणी ठरवून भागत नाही. तिथे माणसे जातात कारण तिथे त्यांना कुणी हाकलत नाही. रडले, ओरडले, केस मोकळे सोडून घुमले तरी कुणी वळून पाहत नाही. गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यात उनावा इथे मीरा दातारचा दर्गा आहे. हिंदू-मुसलमान दोघेही तिथे येतात. २००८ पासून तिथे सरकारी मदतीने ‘दवा आणि दुआ’ नावाचा उपक्रम सुरू झाला. मुजावरांना मानसिक आजाराची लक्षणे ओळखायला शिकवले, डॉक्टरांना दर्ग्याच्या आवारातच बसवले. मुजावर दुआ करतात आणि म्हणतात, आता समोरच्या खोलीत जाऊन गोळीही घ्या. डॉक्टरने एकट्याने सांगितले असते तर ती गोळी घेतली गेली नसती.

दुसरे उदाहरण जवळचे, नाशिक जिल्ह्यातल्या खेड्यांचे. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्यविषयक केंद्राने तिथे ‘आत्मीयता’ हा प्रयोग केला आणि तो पुढे मेहसाणा जिल्ह्यातही नेला. त्यात बाहेरून कुणी तज्ज्ञ येऊन राहत नाही. गावातलीच, लोक ज्यांचे ऐकतात अशी माणसे निवडली जातात, त्यांना शिकवले जाते. कुणाचे जेवण कमी झाले आहे, कोण बोलेनासे झाले आहे, हे त्यांनी हेरायचे. घरी जाऊन काही वेळा बसायचे, ऐकायचे. आजार जास्त वाटला तर दवाखान्यात न्यायचे. एखाद्या विधवेची पेन्शन अडली असेल तर तेही काम करायचे, कारण पेन्शन अडलेली असताना ‘काळजी करू नका’ म्हणण्यात अर्थ नसतो. हे वाचताना जुन्या बांगीसाबांची आठवण होते. फरक इतकाच की या माणसांना कधी थांबायचे आणि कधी डॉक्टरकडे पाठवायचे, हे शिकवलेले असते. तो फरक लहान नाही.

बंगळुरूच्या निम्हान्सने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय पाहणीत १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार आढळला होता, आणि आजारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेले नव्हते. महाराष्ट्रात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार. तालुक्याच्या गावातून तिथवर पोहोचायला आधी कुणीतरी ‘चल, मी येतो’ म्हणावे लागते, आणि मग एसटीचे भाडे लागते.

दोन्ही गोष्टी मोहल्ल्याकडे आहेत. फिक्हमध्ये फर्ज-ए-किफाया नावाची एक संज्ञा आहे. काही कर्तव्ये अशी की वस्तीतल्या काहींनी पार पाडली तर सर्वांची पार पडतात; कुणीच केली नाहीत तर सगळी वस्ती गुन्हेगार. मयतीची नमाज त्यातलीच. एखादा गेला तर त्याला खांदा द्यायला चाळीस माणसे धावतात, त्याच्या फर्जसाठी. तो जिवंत असताना महिनाभर दार लावून पडला होता, तेव्हाचा फर्ज कोणाचा होता, याची चर्चा जनाज्याच्या गर्दीत हळू आवाजात होते.

जकातचे पैसे याच महिन्यात निघतात, बचतीचे अडीच टक्के. मदरसा, विधवा, लग्न, रेशनचे किट यांवर ते खर्च होतात आणि व्हायलाच हवेत. त्यातून गरीब डायलिसिसच्या रुग्णालाही मदत मिळते. मनोविकाराच्या औषधांसाठी दरमहा हजार रुपये लागतात म्हणून मशिदीच्या कमिटीकडे अर्ज आला, असे सहसा घडत नाही. गरज नाही असे नाही. अर्ज लिहायला हात धजत नाही. कमिटीने स्वतःहून एका जुम्म्याला सांगितले की हेही आजार आहेत आणि नाव न फोडता मदत होईल, तर काही हात धजतील. त्याच खुतब्यात इमामसाहेबांनी ‘टेली मानस’चा १४४१६ हा क्रमांक वाचून दाखवला तर आणखी बरे. तो फोन फुकट आहे, मराठीतून बोलता येते आणि रात्री दोन वाजताही उचलला जातो. हेच गणेश मंडळाच्या कार्यकर्त्यांना, भजनी मंडळांना, ज्येष्ठ नागरिक संघांनाही करता येईल. त्यांच्याही रांगा अशाच भरून जातात. परीक्षांचे दिवस आहेत, निकालांचे दिवस पुढे आहेत. मे-जूनमध्ये वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर ज्या चार ओळींच्या बातम्या येतात, त्या मुलांची घरे सगळ्या मोहल्ल्यांत असतात.

बायकांसाठी वेगळा विचार लागेल. मशिदीच्या लाऊडस्पीकरवरून जे सांगितले जाते ते त्यांना स्वयंपाकघरात ऐकू येते, पण त्यांना उलट बोलता येत नाही. काही ठिकाणी बायका घरांतून एकत्र जमून तरावीह पढू लागल्या आहेत. नमाज झाल्यावर त्या अर्धा तास बसतात. काही बुजुर्गांना तो अर्धा तास गप्पाटप्पांचा वाटतो. तसा तो आहेही, आणि म्हणूनच तो टिकायला हवा.

मग चाँदरात येते. दुकाने पहाटेपर्यंत उघडी, बांगड्या, मेंदी, शिरखुर्म्याचा सुकामेवा. ईदगाहवर पुन्हा पहिल्या रात्रीसारखी गर्दी होते, गळाभेटी होतात, हिंदू मित्र दुपारी शिरखुर्म्याला येतात. लूमवरची मुले सुट्टी मिळाली तर गावाला गेलेली असतात, नाही मिळाली तर त्या दिवशी खोलीत झोपून असतात. ईदचा दिवस परक्या गावात फार लांब जातो. तिसऱ्या दिवशी मंडपाचे कापड उतरते. मशिदीतले दस्तरखान धुऊन घडी होऊन कपाटात जाते, आणि महिनाभर रोज भेटणारी माणसे पुन्हा शुक्रवारपुरती उरतात.

ईदनंतरच्या पहिल्या आठवड्यात पहाटेच्या नमाजला जेमतेम दीड सफ असते. दीड सफेत कोण नाही, हे मोजायला फार वेळ लागत नाही.